सार्बिनाझचं पहिलं पान

आमच्या मुयनाक गावात कुणाचंही लग्न असो, नवरा-नवरीच्या नावांची अक्षरं सार्बिनाझच कापते. तोयखान्यात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, व्यासपीठामागे जो मोठा पडदा असतो त्यावर माणसाएवढी उंच पांढरी अक्षरं लावतात, आणि वऱ्हाडी त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतात. थर्माकोलचा जाड ठोकळा आणि तापलेली तार, एवढीच तिची हत्यारं. तार फिरत असते तेव्हा सार्बिनाझ या जगात नसते. पहिली हाक तिला ऐकू येत नाही, दुसरी ऐकू येते पण पोचत नाही, तिसरीला ती दचकून "आं?" म्हणते. शाळेत माझ्या वर्गात होती तेव्हाही अशीच. मी फळ्यावर लिहीत असायचे आणि ही खिडकीबाहेर, जिथे वाळू आणि वाळलेल्या झुडपांशिवाय काहीही नाही, तिथे टक लावून बघत असायची. "काय दिसतं गं तिकडे?" असं विचारलं की म्हणायची, "काही नाही अपा, सहज." शाळेतल्या बाईंना आमच्याकडे अपा म्हणतात, थोरल्या बहिणीसारखं.

पुढे ती माझ्याच शेजारच्या घरात सून म्हणून आली. नवरा, पोलात, दूर अक्ताऊ शहरात बांधकामावर असतो, वर्षातून दोनदा येतो. दोन मुली आहेत, माझ्याच शाळेत. आणि सासरे किदिरबाय अता; म्हाताऱ्या माणसांना आम्ही अता म्हणतो. सासू लग्नाआधीच गेलेली. किदिरबाय अता तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर इंजिनवाले होते. समुद्र आटत लांब गेला, बोटी वाळूत राहिल्या, माणसं घरी आली, तसे तेही आले. परदेशी पाहुणे गावात येतात आणि म्हाताऱ्यांना गाठून समुद्राबद्दल विचारतात. किदिरबाय अता त्यांना सांगायचे, "मला काय विचारता? मी इथेच आहे. जो निघून गेला त्याला विचारा." आणि दार लावून घ्यायचे.

एका वर्षी पोलातने मुलींच्या अभ्यासासाठी एक जुना लॅपटॉप पाठवला. मुलींनी त्यावर चार दिवस गाणी पाहिली आणि मग त्यांना कंटाळा आला. सार्बिनाझ त्यावर अक्षरांचे नमुने शोधायची, लग्नासाठी. त्यात एकदा कुठूनतरी एक जाहिरात तिच्यासमोर आली: वेब डिझाइन शिका, अगदी पहिल्यापासून, घरबसल्या, फुकट. ताश्कंदहून चालणारा कोर्स होता तो. ती कुंपणापाशी आली. मी कपडे वाळत घालत होते.

"अपा, वेबसाइटवरची अक्षरं कोण कापतं?"

मला हसू आलं. "कापायची कशाला? ती आपोआप येतात."

"आपोआप कशी येतील? केवढी मोठी हवीत, कुठे लावायची, कशाच्या शेजारी कोण, हे कुणीतरी ठरवत असेलच ना?"

ते कळावं म्हणून तिने कोर्सला नाव घातलं.

त्यांच्या घरात इंटरनेट नीट येतं ते एकाच जागी, अतांच्या खोलीच्या खिडकीत. त्यामुळे दुपारी मुली शाळेत असताना सार्बिनाझ लॅपटॉप घेऊन तिथे बसू लागली. अता गोधडीवर आडवे. बाहेर खारा वारा. खिडकीच्या फटींत ती ओल्या चिंध्या कोंबायची, तरी जिभेवर मीठ येतंच. व्हिडिओ अडखळत चालायचा. शिकवणारी मुनिसा नावाची पोरगेलीशी बाई अर्ध्या शब्दावर तोंड उघडं ठेवून थांबायची, आणि सार्बिनाझ तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघता बघता स्वतःच कुठेतरी निघून जायची. तेवढ्यात मुनिसा पुन्हा बोलू लागायची आणि हिला मागे जाऊन परत सगळं ऐकावं लागायचं. आळशी म्हणून नव्हे. ती मला म्हणाली, "अपा, ते कोरं पान उघडलं ना, की मला त्याच्याकडे बघतच राहावंसं वाटतं. काही लिहिलं नसलं तरी ते आहे. कुणीतरी बोलावल्यासारखं."

पहिल्या दिवशी त्या कोऱ्या पानावर तिने एकच शब्द लिहिला: सालेम. आधी कंसांत, खुणांमध्ये अडकलेला. मग लॅपटॉपवरच्या दुसऱ्या खिडकीत उघडला तर मोकळा, काळा, ठसठशीत. ती बघत राहिली.

"काय लिहिलंस?" अतांनी विचारलं.

"सालेम लिहिलं, अता."

"कुणाला?"

"कुणाला असं नाही. जो बघेल त्याला."

अतांनी थोडा विचार केला. "मग माझाही सांग त्याला," म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

रंगांचा धडा आला तेव्हा खरी गंमत सुरू झाली. प्रत्येक रंगाला सहा खुणांचं एक नाव असतं, काही आकडे, काही अक्षरं. त्यातली एक बदलली की रंग थोडा सरकतो. सार्बिनाझला याचं वेडच लागलं. जन्मभर पांढऱ्या थर्माकोलमध्ये काम केलेली बाई. आता बोटाच्या टोकाने सबंध पान हिरवं होतंय, जांभळं होतंय, जर्दाळूसारखं पिवळं होतंय. एका दुपारी तिने पान निळं केलं, कडेपासून कडेपर्यंत, आणि त्यावर काहीच लिहिलं नाही.

अता उठून बसले. "हे काय?"

"समुद्र." ती जरा लाजली. "म्हणजे, मी आपला समुद्र समजून केला."

"हा समुद्र? हा पोलातचा जुना ट्रॅकसूट आहे."

"मग तुम्ही सांगा कसा होता."

आता बघा, या माणसाने पाहुण्यांना दार लावलं होतं, मुलाला कधी काही सांगितलं नव्हतं, माझ्या शाळेत बोलायला बोलावलं तर गुडघे दुखतात म्हणाले होते. पण इथे त्यांना काही गोष्ट सांगायची नव्हती. समोर एक चुकीचा रंग होता आणि तो त्यांना बघवेना. ते सरकत सरकत लॅपटॉपच्या पडद्याजवळ आले.

"याला जरा थंड कर."

"थंड म्हणजे, अता?"

"म्हणजे... सकाळी हात घातला की मनगटापर्यंत कळ येते, तसा."

तिने एक खूण बदलली.

"छे. मळकट आहे. अजून निळा."

अजून एक बदलली.

"अजून."

अशा किती दुपारी गेल्या कोण जाणे. खिडकीचा पडदा ओढलेला, लॅपटॉपचा उजेड भिंतीवर, गोधडीवर, चहाच्या वाडग्यांवर. दुधाचा चहा गार होऊन वर साय धरायचा आणि सायही निळी दिसायची. अता डोळे बारीक करून बघायचे, बल्बला शिव्या घालायचे, "हल्ली बल्बच फालतू येतात, उजेड म्हणून नाही," आणि म्हणायचे, "अजून." मग एखादं वाक्य बोलायचे. जाळं ओढायच्या आधी पाणी कसं गप्प व्हायचं. वारा यायच्या आधी लांबवर कशी एक गडद पट्टी उठायची. बर्फ धरताना कडेला कसा पातळ दुधी रंग यायचा. बोलता बोलता तिथेच डोळा लागायचा. सार्बिनाझ मात्र जागीच असायची, आणि तरी तिला वाटायचं की जमीन हळूच कलतेय, भिंत लांब जातेय, आणि दाराबाहेर, जिथे आमची शाळा आहे, तिथपर्यंत पाणी आलंय. एकदा मुलींना शाळेतून आणायचंच विसरली. मीच घेऊन आले तर ही उंबऱ्यात चपला हातात घेऊन उभी. "ओल्या होतील म्हणून," म्हणाली, आणि मग स्वतःचंच ऐकून खूप हसली.

कोर्सचं पहिलं मोठं काम होतं, आपल्या गावाबद्दल एक पान करायचं. सार्बिनाझने नुसते रंगाचे आडवे पट्टे केले, एकाखाली एक. पहाट. दुपार. वाऱ्याच्या आधी. बर्फाच्या आधी. प्रत्येकाखाली अतांचं एकेक वाक्य, बारीक अक्षरांत. वर नाव: अता सांगतात तो समुद्र. तिने ते पाठवलं आणि त्या संध्याकाळी ज्वारीचे गुर्तिक, रश्श्यात उकडलेले गोळे, केले, मला मोठं भांडं भरून दिलं. सणच होता जणू.

दोन दिवसांनी मुनिसाचा निरोप आला, बोललेला. तिने मला ऐकवला. मुलगी वाईट नव्हती, गडबडीत होती, ताश्कंदच्या रीतीने ताईला ओपा म्हणणारी. "सार्बिनाझ ओपा, रंग खूप सुंदर आहेत. पण हे पान झालं नाही ना. यात मेनू नाही, बटण नाही, कुठे जायचं ते कळत नाही. माणूस इथे आला तर करेल काय? पुन्हा करून पाठवा."

"माणूस आला तर बघेल," सार्बिनाझ मला म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "आल्यावर अजून काय करायला पाहिजे, अपा?"

लॅपटॉप कपाटावर गेला. त्यात लग्नांचा हंगाम सुरू झाला, ती तोयखान्यात अक्षरं कापत बसली. केसांत, भुवयांत थर्माकोलचे कण घेऊन घरी यायची, जेवण करून झोपायची. शेवटी अता बोलले. एका दुपारी तिने चहा नेऊन दिला तर त्यांनी वाडगा घेतलाच नाही.

"आज समुद्र नाही?"

"काम आहे, अता."

"कालही नव्हता."

"ते पान त्यांना पसंत नाही पडलं. त्यात बटणं पाहिजेत म्हणे."

"मग घाल की. इंजिनात बटणं नव्हती का? बोट काय नुसती बघण्यावर चालते?"

ती हसली आणि लॅपटॉप खाली काढला. बटणांचा धडा तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिला. आधी काहीच जमेना. बटण दाबलं की सगळं पान पांढरं व्हायचं, किंवा अक्षरं पट्ट्यांवरून घसरून एकमेकांवर पडायची. पण ती चिकाटीने बसली, आणि शेवटी असं पान झालं: "पहाट" दाबलं की सबंध पडदा पहाटेचा, "दुपार" दाबलं की दुपारचा. रंग एकदम बदलायचा नाही, सावकाश एकातून दुसऱ्यात उतरायचा. ते सावकाश उतरणं कोर्समध्ये नव्हतं, ते तिने आपलं आपण शोधलं. मुनिसाने पास केलं आणि खाली लिहिलं, "मी हे आईला दाखवलं."

सार्बिनाझने लिंक पोलातला पाठवली, पोलातने त्याच्या खोलीतल्या मित्रांना, त्यांनी आपापल्या घरी. अक्ताऊला आमच्याकडची पुष्कळ माणसं आहेत. फिरत फिरत ती लिंक परत मुयनाकलाच आली, एमबेर्गेन अतांच्या नातवाच्या फोनवर. एमबेर्गेन अता म्हणजे किदिरबाय अतांच्या बोटीवरचे सुकाणूवाले. दोघांची मैत्री अशी की एकत्र बसले की भांडल्याशिवाय उठत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत हजर. मीही तिथेच होते.

"केलिन, हे तू केलंस?" सूनबाई म्हणावं तसं त्यांनी सार्बिनाझला विचारलं. "हात चांगला आहे तुझा. पण हा रंग कुणी सांगितला?"

"मी सांगितला," किदिरबाय अता म्हणाले.

"तू? एवढा निळा? तू कुठल्या समुद्रावर होतास रे? आपला समुद्र असा नव्हता."

"असाच होता."

"अरे, हा नवरीच्या खोलीतला पडदा वाटतो! आपला फिका होता, हिरवट. उथळ पाणी ते, तळाची वाळू दिसायची. तुला काय माहीत म्हणा, तू जन्मभर खाली इंजिनाच्या खोलीत. तू समुद्र पाहिलास कधी?"

किदिरबाय अतांचा हात गोधडीवर नुसता फिरत राहिला. एमबेर्गेन अतांच्याही लक्षात आलं की हे जरा जास्त झालं. ते जवळ सरकले, मित्राच्या तोंडाकडे बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी समोर धरली.

"किदिरबाय, ही कुठल्या रंगाची?"

"काळी. काळीच घालतोस तू."

टोपी निळी होती. गडद, पण निळी.

"केलिन," एमबेर्गेन अता अगदी हळू आवाजात म्हणाले, "याचे डोळे दाखव कुणाला तरी."

बल्ब फालतू नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पिकून पिवळा झालेला. नुकुस शहरात नेल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सार्बिनाझला समजावून सांगितलं की अशा माणसाला सगळं पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. निळा रंग तर जवळजवळ पोचतच नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन आत्ता करू, म्हणाल्या, दुसऱ्याचं वसंतात.

पट्टी सुटल्यावर घरी येताना, सार्बिनाझ सांगते, अता वाटभर बोलत होते. बोलत होते म्हणजे नावं घेत होते. ती बघ लाल मोटार. त्या बाईची ओढणी हिरवी. हा खांब कुणी रंगवला? आणि तिच्याकडे वळून, "तुझे केस तांबूस आहेत होय? मला वाटायचं काळे." लग्नाला इतकी वर्षं झालेली सून, तिने केसांची बट पुढे ओढून स्वतःच पाहिली.

घरी आल्यावर चहाही न घेता म्हणाले, "आण ते."

तिने आणलं. मनात धाकधूक होती. पान उघडलं, पहाट दाबलं. अता एकदम मागे सरले, कुणी तोंडावर पाणी मारावं तसे.

"हे मी सांगितलं होतं?"

"हो, अता."

"असंच?"

"तुम्ही अजून म्हणत गेलात, मी वाढवत गेले."

अतांनी नवा डोळा तळहाताने झाकला आणि जुन्याने पाहिलं. "बरोबर आहे." मग जुना झाकून नव्याने पाहिलं. "चूक आहे." पुन्हा जुना. पुन्हा नवा. कितीतरी वेळ ते असा एकेक डोळा झाकत बसले होते. एमबेर्गेन अतांना बोलावणं गेलं. ते आले, मित्राशेजारी मांडी घालून बसले. आणि दोघा म्हाताऱ्यांनी मिळून तो समुद्र पुन्हा पहिल्यापासून सांगितला. फिका, हिरवट, पहाटे राखेसारखा, दुपारी तळाच्या वाळूने पिवळसर. भांडणं झालीच, पण बारीकसारीक.

संध्याकाळी सार्बिनाझ माझ्याकडे आली. डोळे ओले होते. "नवा रंग खरा आहे, अपा. मला दिसतंय की खरा आहे. पण मी त्या पहिल्या निळ्यातच राहत होते ना. मला तोच माहीत होता. आता तो पुसायचा म्हणजे..."

मी विचारलं, "अता काय म्हणाले?"

"त्यांना मी सांगितलंच नाही."

पण तिने पुसला नाही हे अतांनी नव्या डोळ्याने चटकन पाहिलं. पानावरच्या बटणांत खाली एक जादा बटण होतं, नाव नसलेलं. दाबलं की तो पहिला, डोळ्यांत खुपणारा निळा. सुनेला बोलावून म्हणाले, "हे राहिलंय होय?"

"काढते, अता."

"कशाला? असू दे. एमबेर्गेनला चिडवायला बरं आहे." आणि जरा वेळाने, तोंड दुसरीकडे करून, "मलाही कधी कधी दाबायला बरं."

दुसरा डोळाही वसंतात झाला. सार्बिनाझचा कोर्स मात्र रेंगाळत चालला. ती अजूनही मध्येच हरवते, मुनिसा अजूनही अर्ध्या शब्दावर थांबते. पण तोयखान्यासाठी तिने पान केलं आहे. लग्न असलं की नावं आता पडद्यावर लागतात तशी त्या पानावरही लागतात, आणि जी माणसं अक्ताऊहून येऊ शकत नाहीत ती तिथे बघतात. अक्षरं तीच निवडते. दोन अक्षरांमधल्या जागेवरून तोयखान्याच्या मालकिणीशी तिचं भांडण झालं आणि ती जिंकली, याचा मला फार आनंद झाला.

उन्हाळ्यात पोलात घरी आला. अता म्हणाले, मला घेऊन चल. कुठे, ते विचारावं लागलं नाही. जीप मिळवली, दोन्ही म्हातारे, मुली, पाणी, नान, टरबूज, गोधड्या. आता पाणी आमच्यापासून इतकं लांब आहे की पहाटे निघालं तरी ऊन उतरायला लागल्यावर पोचतात. मी गेले नाही, माझी कंबर धरली होती. परत आल्यावर सार्बिनाझ कुंपणापाशी आली. नाक सोललेलं, ओठांवर मीठ.

"अता काय म्हणाले?"

"म्हणाले, हा आमचा नाही. मग बूट काढून आत गेले. एमबेर्गेन अता ओरडत होते, चिखल आहे, पडशील. मग तेही गेले. खूप वेळ बाहेर येईनात, पोलातने जाऊन आणलं दोघांना."

"आणि रंग? कसा होता शेवटी?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काही भलतंच विचारलं होतं.

"बघितलाच नाही, अपा. उजेड एवढा होता की डोळे उघडवेनात. मी आपली मिटूनच उभी होते." हात कुंपणावर होता, तो तिने अगदी हळू पुढे सरकवला आणि मागे घेतला. पुढे, मागे. "समुद्राला आवाज असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."